वारा कुठनं येतोय

आमच्या घरात नारळी पौर्णिमा व्हायची आणि ती नुसती नारळीभातापुरती नसायची. सोलापुरात त्या दिवसाला सगळे राखी पौर्णिमाच म्हणतात, आमच्या चाळीत पण दिवसभर राखीचीच गडबड, आणि आमची आजी मात्र संध्याकाळ झाली की नऊवारी नेसून, नारळाला हळदकुंकू लावून, त्याला सोनेरी कागद गुंडाळून आम्हा नातवंडांना घेऊन सिद्धेश्वरच्या तळ्यावर निघायची. पायरीवर उभी राहून नारळ पाण्यात सोडायची, हात जोडायची आणि म्हणायची, "दर्या, शांत हो रे बाबा."

तळ्याला दर्या म्हणायची ती. आम्ही लहान होतो तेव्हा मला वाटायचं की तळ्याचंच नाव दर्या आहे. शाळेत एकदा मी तसं म्हणाले पण, बाईंनी विचारलं कोणी सांगितलं तुला, मी म्हणाले आजीनं. मग घरी येऊन आजीला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "आपण दर्यावरचे. हय दर्यो नाय, मग जां पाणी गावात त्येका हात जोडूचो." म्हणजे इथं समुद्र नाही तर जे पाणी मिळेल त्याला हात जोडायचे. सोलापुरात पन्नास वर्षं राहून तिची भाषा निम्मी मालवणी आणि निम्मी सोलापुरी झाली होती, पण देवाशी आणि पाण्याशी बोलताना ती पूर्ण मालवणीच असायची.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी सोलापुरातच चादरीच्या आणि वॉल हँगिंगच्या डिझाईनचं काम करते, म्हणजे ग्राफ काढणं, रंग ठरवणं, कार्ड पंचिंगवाल्याकडून मागावर चढवायची भोकांची कार्डं करून घेणं, सगळं. वीस वर्षं झाली ह्या कामात. मोर काढले, हत्ती काढले, सिद्धेश्वराचं देऊळ किती वेळा काढलं त्याची गणतीच नाही. मागच्या वर्षी असंच एका रात्री ग्राफ पेपर समोर होता आणि गिऱ्हाइकाचं काम संपलं होतं, आणि हात आपोआप एक होडी काढायला लागला. काढली आणि बघते तर ती होडी नव्हतीच, शाळेच्या पुस्तकातलं चित्र होतं, खाली अर्धगोल वर त्रिकोण. मला एकदम वाईट वाटलं. दर्यावरच्या घरातली पोरगी आणि मला साधी होडी काढता येत नाही. तिथनं हे सगळं सुरू झालं.

आजोबा गाव सोडून सोलापूरला आले 1941 साली, वय एकोणीस. गाव विजयदुर्गजवळ, वाघोटनच्या खाडीच्या काठी. कोकणातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत जायची, आजोबा पण आधी मुंबईलाच गेले होते, तिथनं एका ओळखीच्या जॉबरनं, म्हणजे मिलमधे कामगार भरणाऱ्या मुकादमानं, सोलापूरच्या मिलमधे आणलं. आता मिलमधे त्यांना काम काय मिळालं हे ऐका, कारण माझ्या मते आमच्या घराण्याची सगळी गोष्ट तिथंच आहे. त्या काळी मिलमधे प्रत्येक मशीनला वेगळी मोटर नसायची. एक मोठं वाफेचं इंजिन, त्याच्या चाकावर हाताच्या मनगटाएवढे जाड सुती दोर चढवलेले, आणि ते दोर वरच्या मजल्यांवरच्या शाफ्ट फिरवायचे. दोर झिजला तर बदलायचा आणि त्याची दोन टोकं एकमेकांत सांधायची. गाठ मारून चालत नाही, गाठ आली की ती चाकाच्या खाचेत प्रत्येक फेऱ्याला आपटणार. दोराचे पीळ उलगडून एकाचा एकात असे विणायचे की बोट फिरवलं तरी सांधा कळता कामा नये. हे काम आजोबांना येत होतं, कारण त्यांनी ते वडिलांकडून बोटीवर शिकलेलं होतं. समुद्रावरचं कसब त्यांना समुद्रापासून सगळ्यात लांब घेऊन आलं.

ते स्वतः फार बोलायचे नाहीत. रविवारी मिल बंद, तेव्हा दोरांचं काम निघायचं, म्हणून त्यांची सुट्टी कधी रविवारी नसायची एवढं मला अण्णांकडून (म्हणजे माझ्या वडिलांकडून) माहिती आहे. मला स्वतःला आजोबांचं आठवतं ते धोट्याचं. मिलमधला झिजलेला लाकडी धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, त्यांनी घरी आणला होता, त्याची लोखंडी टोकं काढून टाकलेली, आणि आमच्या मागच्या अंगणातल्या हौदात आम्ही तो सोडायचो. दोन्हीकडनं निमुळता, मधे कांडी ठेवायची पोकळी, अगदी नावेसारखा. पण तो एका बाजूला कलायचा. मग आजोबा त्या पोकळीत दोन-तीन खडे ठेवायचे, एक थोडा पुढे सरकवायचा, एक मागे, परत सोडून बघायचे, आणि धोटा सरळ उभा राहायचा. "नीरम बरोबर व्हया," म्हणायचे. नीरम. हा शब्द मी त्यानंतर तीस वर्षांत कुणाच्याच तोंडून ऐकला नाही, मला वाटायचं आजोबांनी स्वतः बनवलेला शब्द असेल.

तर दिवाळी झाल्यावर ठरवलं की जायचं. अण्णा आता त्र्याहत्तर वर्षांचे, गुडघे दुखतात, तरी म्हणाले येतो. "कुठं एवढ्या लांब निघायलीस गं, तिथं कोण ओळखणार आहे आपल्याला," असं तोंडानं म्हणायचे आणि बॅग दोन दिवस आधी भरून ठेवलेली. सोबत शेंगा चटणी, कडक भाकरी, आणि एक चादर भेट द्यायला. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूर, तिथं मुक्काम, सकाळी गगनबावडा. घाट उतरायला लागलो तशी माती काळ्याची लाल झाली आणि हवा दमट झाली, अण्णांनी खिडकीची काच खाली केली आणि विजयदुर्ग येईपर्यंत परत वर केली नाही.

आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती, की आपण आंग्र्यांच्या आरमारातले. आजी सांगायची, आत्या सांगायची, लग्नाच्या बैठकीत पण सांगितलं जायचं. त्यामुळं मी जाण्याआधी वाचता येईल तेवढं वाचलं होतं. कान्होजी आंग्रे 1729 मधे गेले, पुढं विजयदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे आला, आणि फेब्रुवारी 1756 मधे इंग्रजांचा अॅडमिरल वॉटसन समुद्रातनं आणि पेशव्यांचं सैन्य जमिनीवरनं असे दोघं मिळून त्यांच्यावर चालून आले. बंदरात एका जहाजाला आग लागली आणि ती एकाची दुसऱ्याला लागत तुळाजींचं सगळं आरमार जळून गेलं. मराठ्यांचं आरमार मराठ्यांच्याच साथीनं जळलं, हे वाचून मी त्या रात्री नीट झोपले नाही, आणि किल्ल्याच्या तटावर उभी राहून खाली खाडीकडे बघताना तेच डोक्यात होतं. तिहेरी तटबंदी, जांभ्या दगडाची, अजून भक्कम. खाली मच्छीमारांच्या फायबरच्या बोटी, इंजिनवाल्या, निळ्या-हिरव्या रंगाच्या, आणि पाण्यावर डिझेलचे तवंग. इथं आरमाराच्या गुराबा आणि गलबतं दाटीवाटीनं उभी होती हे डोळ्यासमोर आणायला जरा वेळ लागतो.

त्यापेक्षा मला गिर्येजवळची गोदी जास्त भिडली. खाडीच्या आतल्या बाजूला खडक फोडून केलेली आहे. भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, ओहोटीला पाणी काढून टाकायचं की जहाज कोरडं उभं, मग तळाच्या फळ्या दुरुस्त करा. आता तिच्यात गाळ भरलाय. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, चिखलात खेकडे पळत होते आणि एक पांढरा बगळा उभा होता. मी दगडावर बसून तासभर स्केच काढलं. अण्णा शेजारी नुसते बसून होते. मधेच म्हणाले, "इथं सुतार किती लागत असतील गं." मिलमधे, मागावर आयुष्य गेलेला माणूस, त्याला आधी कारागीरच दिसणार. मला ते फार आवडलं.

कागदपत्रांचं सांगते थोडक्यात. एका सरकारी कचेरीत जुन्या नोंदी बघायला दीड दिवस गेला, आधी साहेब नाहीत, मग किल्ली नाही, मग रजिस्टर आलं तर त्याची पानं वाळवीनं खाल्लेली. पणजोबांचं नाव मिळालं नाही. रामेश्वराच्या देवळात मात्र गेलो, कातळ खोदून काढलेल्या वाटेनं खाली उतरावं लागतं, आत भिंतींवर जुनी चित्रं आहेत. तिथं नारळ ठेवला आणि बाहेर आलो तर पुजाऱ्यांनी विचारलं कुठले तुम्ही, आम्ही गावाचं आणि घराण्याचं नाव सांगितलं, आणि ते म्हणाले अहो मग इथं का फिरताय, तात्यांकडे जा.

तात्या म्हणजे अण्णांचे लांबचे चुलते, नव्वदीच्या घरातले. ओसरीवर जाळं घेऊन बसलेले. आम्ही आत शिरलो तसं मान वर न करता विचारलं, "खंयसून इलास?"

"सोलापूरसून," अण्णा म्हणाले. अण्णांच्या तोंडनं मालवणी मी पहिल्यांदा ऐकली.

"थंय दर्यो खंय?"

ह्या प्रश्नाला अण्णांकडे उत्तर नव्हतं. मग आजोबांचं नाव सांगितलं. तात्यांनी जाळं बाजूला ठेवलं, चष्मा पुसला, आणि अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग आत हाक मारून चहा सांगितला.

पणजोबा तांडेल होते, म्हणजे बोटीचे कप्तान. आरमारात नाही, फत्तेमारीवर. दोन डोलकाठ्यांची, तिरक्या शिडांची मालवाहू बोट. "कौलां घेवन मंगळुरासून येय," तात्या म्हणाले. मंगळूरची कौलं, मीठ, नारळ, सुपारी, आणि मुंबईकडनं येताना कापड आणि धान्य. पावसाळ्यात बोट ओढून किनाऱ्यावर घ्यायची, माडाच्या झावळ्यांनी शाकारायची, फळ्यांच्या फटीत कापसाच्या वाती ठोकून भरायच्या आणि वरनं तेल-राळ लावायची, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की पुन्हा हंगाम सुरू. तात्या स्वतः अकराव्या वर्षी बोटीवर भंडारी म्हणून लागले होते. बोटीवर भंडारी म्हणजे स्वयंपाक करणारा पोरगा. आधी भंडारी, मग खलाशी, मग नशिबात असेल तर तांडेल.

मी विचारलं, मग आंग्र्यांचं आरमार? तात्या म्हणाले की आंग्र्यांच्या मागनं पेशव्यांच्या धुळप सरदारांचं आरमार इथंच होतं, कुणीतरी असेलही त्यात, कोण नव्हतं, पण आपल्या घरात आठवण आहे ती मालाची. आनंदराव धुळपांनी 1783 मधे इंग्रजांचं रेंजर नावाचं जहाज धरलं होतं हे मी वाचलेलं होतं, ते त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग परत मिठाच्या गोण्या ओल्या होऊ नयेत म्हणून कशा रचायच्या ते सांगायला लागले. आणि खरं सांगू, मला त्या क्षणी आरमाराची गोष्ट सुटल्याचं काहीच वाटलं नाही. लढाईत कुणीतरी होतं ही ऐकीव गोष्ट, आणि माझा पणजोबा मंगळूरची कौलं न फुटता कोकणातल्या घरांवर पोचवत होता ही एका माणसानं बघितलेली गोष्ट. त्या ओसरीवरची कौलं पण मंगळूरचीच होती, मागच्या बाजूला छाप असलेली.

मी हळूच विचारलं, "तात्या, नीरम म्हणजे काय?"

ते हसले. "रिकामी बोट कलंडता. म्हणान तळात दगड, रेती घालतत. ता नीरम."

मी वहीत लिहून घेतलं खरं, पण अक्षर नीट आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही. तात्या एक जाड नायलॉनचा दोर सांधत होते, नातवाच्या बोटीचा. मी स्केचबुक घेऊन समोर बसले होते त्यांचे हात काढायला. दोराचे तीन पदर मोकळे केलेले, प्रत्येक पदराच्या टोकाला दोरा गुंडाळून बांधलेला म्हणजे उसवत नाही. मग लाकडाच्या टोकदार खुंटीनं दुसऱ्या दोराचा पीळ उघडायचा, एक पदर एकावरनं आणि एकाखालनं घालायचा, ओढायचा, दोर थोडा फिरवायचा, दुसरा पदर. प्रत्येक पदर ओढल्यावर ते अंगठ्यानं तो दाबून बसवायचे, आणि एकदा उलट्या दिशेनं चोळायचे. अण्णा चहा पीत बघत होते. कप खाली ठेवला, सरकत सरकत पुढं आले, दुसरं टोक हातात घेतलं आणि काही न बोलता सांधायला लागले. तसंच. एकावरनं एकाखालनं, अंगठ्यानं दाबायचं, आणि मग उलटं चोळायचं. ते उलटं चोळणं सुद्धा.

तात्यांचे हात थांबले. "ह्येका कोणी शिकयल्यान?"

"बाबांनी," अण्णा म्हणाले.

मग दोघंही काही बोलले नाहीत, दोर पुरा केला. मी चित्र काढतच राहिले पण कागदावर पाणी पडलं आणि शाई पसरली, ते पान मी तसंच ठेवलंय.

आणि वारा. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, खारे वारे आणि मतलई वारे. मी पण सोलापुरात एप्रिलच्या परीक्षेला बेचाळीस डिग्रीत बसून लिहिलेलं, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे ते मतलई, पाच मार्क. तात्यांनी पहाटे पाचला उठवून किनाऱ्यावर नेलं. पाठीवर गार वारा, डोंगराकडनं येणारा. "ही मतलई," म्हणाले. ह्या वाऱ्यावर बोट बाहेर काढायची, आणि दुपारी समुद्राकडनं वारा फिरला की त्याच्यावर परत बंदरात यायचं. जमीन लवकर तापते, लवकर गार होते, म्हणून. इंजिन नव्हतं तेव्हा सगळा दिवस ह्या दोन वाऱ्यांच्या मधे बसवलेला असायचा. माझे पाच मार्कांचे वारे माझ्या पदराला लागत होते.

सोलापूरला परत आल्यावर मी खरं काम हातात घेतलं. फत्तेमारी विणायची, जकार्डवर, म्हणजे कार्डांवरनं चित्र विणणाऱ्या मागावर, वॉल हँगिंग म्हणून. पण आधी बोट काढायला शिकायचं होतं, म्हणून डिसेंबरमधे बहिणीकडे बोरिवलीला गेले तेव्हा एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांच्या स्मरणाचे दगड, बघून आले. रोज हजारो लोक ज्या बोरिवलीतनं जातात त्या गर्दीत हे दगड उभे आहेत, बाराशे पासष्टच्या आसपास शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात समुद्रावर लढाई झाली, तिची ही स्मारकं असं अभ्यासक मानतात. दगडात जहाजांची रांग आहे, प्रत्येकाला वल्ह्यांच्या ओळी, गोम चालावी तशी. वरच्या पट्टीत मेलेला वीर स्वर्गात बसलेला. मी बोटानं वल्ही मोजत बसले. कोरणाऱ्यानं जहाजाचं तोंड किती वर उचललंय ते बघा कधी गेलात तर, लाट न कोरता त्यानं लाट दाखवलीये.

आणि अजिंठा. दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, आत मडकी रचलेली. सह्याद्रीच्या ह्या बाजूला, समुद्रापासून एवढ्या लांब, कुणी चित्रकारानं जहाज काढलं तर तो माणूस समुद्र बघून आला असणार किंवा बघून आलेल्याच्या शेजारी बसला असणार. त्याच अजिंठ्याच्या चित्रावरनं नौदलानं एक जहाज बांधून घेतलं, कौंडिण्य, 2025 च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या आहेत. शिवलेलं जहाज! मी हे अण्णांना वाचून दाखवलं तर ते परत परत विचारत राहिले टाका कसा घालत असतील, आतनं का बाहेरनं, भोकात पाणी शिरत नाही का. मग भोकं राळेनं बुजवतात असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं.

अजून एक जागा आमच्या अगदी जवळची निघाली. तेर, धाराशिव जिल्ह्यात, सोलापूरहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. जुनं नाव तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवलीये, पेरिप्लस म्हणतात, त्यात पैठणबरोबर तगरचं नाव आहे आणि तिथनं कापड गाड्यांवर लादून भरुचच्या बंदराला जातं असं लिहिलंय. तिथल्या लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती बाहुली आहे, वीतभर पण नाही, आणि तिच्याच जातीची दुसरी हस्तिदंती मूर्ती इटलीत पाँपेईला सापडली 1938 मधे, व्हेसुव्हियसच्या राखेखाली. मी त्या काचेसमोर उभी होते आणि मला आजीचं "हय दर्यो नाय" आठवत होतं. आजी, इथनं कापड जात होतं गं दर्यावर, दोन हजार वर्षांपूर्वी, आपल्या ह्या कोरड्या मुलखातनं, बैलगाडीनं.

आता विणण्याचं. जकार्डचं तत्त्व तसं सोपं आहे, 1804 च्या सुमाराला फ्रान्समधे जकार्ड नावाच्या माणसानं काढलेलं. पुठ्ठ्याच्या कार्डात भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, त्या फटीतनं धोटा बाणा, म्हणजे आडवा धागा, घेऊन जातो. एक कार्ड म्हणजे एक बाणा, म्हणजे चित्रातली एक ओळ. मी 240 हुकांच्या (हूक म्हणजे धागा उचलणारा आकडा) मागासाठी ग्राफ काढला. आणि शीड! शिडाची वाऱ्यानं फुगलेली कड ही एकच सलग रेघ असते आणि ग्राफवर सलग रेघ नसतेच, चौकोनच चौकोन, कड पायऱ्या पायऱ्यांची दिसायला लागते. अकरा वेळा खोडलं. शेवटी पायऱ्यांची उंची हळूहळू बदलत नेली, एक घर, एक घर, दोन घरं, तीन, पाच, तेव्हा लांबून बघितलं की शिडात वारा भरल्यासारखं दिसायला लागलं.

विणायला पूर्व भागातल्या एका जुन्या हातमागवाल्या मामांकडे दिलं. त्यांच्या घरी तेलुगू, आजोबा तेलंगणातनं आलेले. मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखंच की तुमचं. हातात कला होती म्हणून आलो." पाण्यासाठी मी मोरपंखी दिला होता, त्यांनी स्वतःहून मधे मधे राखाडी बाण्याच्या ओळी टाकल्या. समुद्र त्यांनी बघितलेला नाही, पण ओळी बरोबर पडल्या.

तयार झाल्यावर फोटो काढून तात्यांच्या नातवाला व्हॉट्सॲपवर पाठवला. अर्ध्या तासात फोन. नातू नव्हता, तात्या स्वतः होते.

"गो, वारो खंयसून येता?"

मला कळेना. मी म्हणाले मागनं येतोय, बोट पुढं चाललीये. "शीड मागच्या वाऱ्यान फुगला," ते म्हणाले, "मग बावटो मागे कित्याक उडता?"

मी फोन हातात धरून भिंतीवरच्या हँगिंगकडे बघितलं. शीड पुढच्या बाजूला फुगलेलं, म्हणजे वारा मागनं. आणि डोलकाठीवरचा झेंडा मागे फडफडत होता, कारण मी आयुष्यभर मोटारीवरचे, स्कूटरवरचे झेंडे बघितलेत, ते मागेच उडतात. वारा मागनं असेल तर झेंडा पुढंच उडणार, बोटीच्याही पुढं. एकाच बोटीवर मी दोन वारे काढले होते. आमच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात हे कुणाच्या लक्षात आलं नसतं, गिऱ्हाइकाच्या नाही, मामांच्या नाही, माझ्याही नाही. तात्यांनी मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर पहिल्यांदा बघितलं ते तेच.

झेंड्याच्या उंचीची 58 कार्डं होती. त्याच ओळींत शिडाचा वरचा भाग पण येतो म्हणून नुसता झेंडा फिरवून चालत नव्हतं, दोन्ही परत बसवावं लागलं. पंचिंगवाला म्हणाला ताई एवढ्यासाठी कशाला, कोण बघणार आहे. मी म्हणाले बघणारा आहे एक जण. कार्डं नवीन केली, जुन्यांच्या जागी ओवली, मामांनी पुन्हा सगळं विणलं, ह्या खेपेला मजुरी घ्यायला तयार नव्हते, बळंच दिली.

दुसरं हँगिंग एस.टी.नं पाठवलं. चौथ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. ओसरीवरच्या भिंतीवर खिळा ठोकून लावलेलं, आणि तात्या खुर्ची ओढून अगदी जवळ बसलेले, बोट फिरवत होते, आधी सुकाणूवर, मग शिडाच्या कडेवर, मग झेंड्यावर. अण्णा माझ्या खांद्यावरनं स्क्रीनमधे बघत होते.

"हां," तात्या म्हणाले. "आता जातली."

येत्या नारळी पौर्णिमेला आम्ही सगळे विजयदुर्गला जाणार आहोत, अण्णांनी आत्तापासून सांगून ठेवलंय. पण सकाळी निघण्याआधी सिद्धेश्वरच्या तळ्यावर एक नारळ सोडायचा, तो आजीचा.